मदत हवी आहे: २० मीटर व्यासाच्या चाकात पृथ्वीइतकं वजन मिळेल का?

कथेतलं यान म्हणजे २० मीटर व्यासाचं फिरतं चाक. आतल्या कडेवर १ जी (पृथ्वीइतकं गुरुत्व) हवं असेल तर मिनिटाला साडेनऊ फेरे लागतात. एवढ्यात माणसं नीट वावरतील का? नसतील तर व्यास किती धरू?

उत्तर १
गणित बरोबर आहे, पण आतल्यांचे हाल होतील. १.८ मीटर उंच माणसाच्या डोक्याशी ओढ पायापेक्षा १८ टक्के कमी. ते एकवेळ चालेल; खरी गोची कोरिऑलिसची, म्हणजे फिरत्या चाकात हलणारी वस्तू बाजूला ढकलली गेल्यासारखी वाटते त्याची. दीड मीटरवरून चेंडू सोडा, तो पायाशी न पडता फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे ६५ सेंटिमीटर मागे पडेल. मान झटकन वळवली की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका मेंदूला भलतंच सांगतात आणि मळमळ सुरू. शिवाय कडेचा वेग सेकंदाला जेमतेम ९.९ मीटर. उलट दिशेने तेवढ्या वेगाने धावणारा चक्क तरंगेल (कथेसाठी हे सोनं आहे!).

८९५ ला मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने भागा, १ जी साठीची त्रिज्या मीटरमध्ये मिळेल. ४ फेऱ्यांना ५६, २ फेऱ्यांना २२४. दोनच फेरे धरा. तिथे तोच चेंडू साधारण १२ सेंटिमीटरच चुकतो.

मूळ प्रश्नकर्ता
म्हणजे जवळपास अर्ध्या किलोमीटरचं चाक! हे यान नाही, गाव झालं. दुसरा मार्ग?

उत्तर २
चाक नकोच. केबलच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्याला रिकामा रॉकेटटप्पा, आणि दोन्ही एकमेकांभोवती मिनिटाला दोनदा फिरवा. केबिन १० टन आणि टप्पा ३० टन असेल, तर केबिन सामाईक वस्तुमानकेंद्रापासून २२४ मीटरवर, टप्पा ७५ मीटरवर. केबल सुमारे ३०० मीटर. १९६६ मध्ये नासाच्या जेमिनी ११ यानाने अजेना या मानवरहित यानाला ३० मीटरच्या पट्ट्याने बांधून हे करून पाहिलं. गुरुत्व अंतराळवीरांना जाणवणारही नाही इतकं क्षीण होतं आणि पट्टा ताणलेला ठेवतानाच नाकी नऊ आले. तुमच्या यानात केबल तुटली तर केबिन सेकंदाला ४७ मीटरने स्पर्शरेषेत सुटेल. मार्ग बदलायचा तर आधी फिरणं थांबवा, मग पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळा इंधन जातं.

चाकच ठेवणार असाल तर शिडीकडे लक्ष द्या. आसाकडे चढणारा फिरण्याच्या दिशेने ढकलला जातो, उतरणारा उलट. म्हणून चढायची शिडी फिरण्याच्या दिशेकडच्या भिंतीला आणि उतरायची समोरच्या भिंतीला लावा. मग दोन्ही वेळा माणूस शिडीवरच दाबला जाईल. एकच शिडी ठेवली, तर चढताना किंवा उतरताना ती हातातून सुटू पाहील.