मदत हवी आहे: दक्षिण अमेरिका क्रूझ, बंदरावर उतरून काय करायचं? (जरा लवकर)

रानजाई:
ब्युनोस आयर्सहून निघून केप हॉर्नला वळसा घालून चिलीत सान अँटोनियोला संपणारी क्रूझ बुक केली आहे. बंदरं: माँटेव्हिडिओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंडचं स्टॅन्ली, उश्वाया, पुंता अरेनास, पुएर्तो माँत. जहाज कंपनीने सहलींची यादी पाठवली आहे. भाव बघून घाम फुटला. शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे. पेंग्विन बघायचेच आहेत. कुठे बघू? सहली कंपनीच्या घेऊ की बाहेरच्या? दोन रात्री नुसतं वाचतेय आणि आणखी गोंधळतेय.

सातारी:
महिना कोणता? किती जण? कुठल्या बंदरात किती तास? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

भटका:
इतक्या लांब जाताय तर माचू पिचू सोडू नका! क्रूझ संपली की सान्तियागोहून लिमा, तिथून कुस्को. फक्त कुस्कोची उंची ३,४०० मीटर आहे, पहिला दिवस आराम करा. आम्ही २०१८ मध्ये केलं, आयुष्यभर पुरेल असा अनुभव.

रानजाई:
पेरूला जायचं नाहीये हो. जानेवारी. चौघं. माद्रिनला १० तास, उश्वायाला ११, बाकी सगळीकडे ८-९.

स्वस्तमस्त:
कंपनीची सहल अजिबात घेऊ नका. चौघं आहात, एक गाडी ठरवा. आम्ही माद्रिनला आधी ईमेलवर स्थानिक गाइड ठरवला होता, निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. देवमासेही बघून घ्या तिथे, अगदी किनाऱ्याजवळ येतात.

सातारी:
जानेवारीत देवमासे कुठले? माद्रिनला राइट व्हेल जूनपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतात. त्या आशेवर वाल्देसची (माद्रिनजवळचं द्वीपकल्प) बोट बुक करू नका. सील आणि सी लायन दिसतील.

खलाशी:
मर्चंट नेव्हीत २६ वर्षं काढली, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून कितीतरी वेळा गेलोय. स्वस्तमस्त यांचं अर्धंच पटतं.

कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या गाडीचा टायर फुटला तर थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं, आणि स्टॅन्लीसारखं पुढचं बंदर असेल तर तेही जमणार नाही. म्हणून लांब जायचं तिथे कंपनीची सहल, गावातल्या गावात स्वतःचं स्वतः.

माद्रिनहून पेंग्विनांची वसाहत म्हणजे पुंता तोंबो, १८० किलोमीटर. एका बाजूला अडीच तास, शेवटचा पट्टा खडीचा. म्हणजे १० तासांतले पाच बसमध्ये. माँटेव्हिडिओला मात्र काहीही बुक करू नका. धक्क्यावरून बाहेर पडलं की समोरच जुनं शहर, चालत फिरा.

दुसरं, स्टॅन्लीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी माणसं नेतात. वारा वाढला की उतरणं रद्द. तिथल्या सहलीवर सगळी आशा ठेवू नका.

स्वस्तमस्त:
साहेब, टायर फुटण्याच्या भीतीने दुप्पट पैसे? आमचा गाइड दोन तास आधी धक्क्यावर परत आणून सोडत होता. त्यांचा धंदाच जहाजांवर चालतो, त्यांनाही घड्याळ कळतं.

खलाशी:
तुम्हाला चांगला माणूस मिळाला, आनंद आहे. धक्क्यावर धावत आलेली आणि शिडी वर घेतलेली बघून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. विसरता येत नाहीत.

सातारी:
रानजाई, चौघं म्हणजे कोण कोण? लहान मुलं? ज्येष्ठ?

रानजाई:
मी, नवरा, मुलगी (१२) आणि आई. आई ७१ वर्षांची, जूनमध्ये एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरात चालते, जिने जपून. खरं तर पेंग्विन तिलाच बघायचे आहेत. बाबा असताना दोघांचं ठरलं होतं, ते राहून गेलं.

सातारी:
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! सगळं उत्तर बदललं.

खलाशी:
मग पुंता तोंबो आईंसाठी नको. पाच तास बस, वर खडीच्या वाटेवर चालणं. स्टॅन्लीहून किंग पेंग्विन बघायला व्हॉलंटियर पॉइंटला नेतात, तेही नको, शेवटी रस्ताच नाही, फोर बाय फोर माळावरून उसळत जाते.

आईंचे पेंग्विन उश्वायाला. तिथे जहाज थेट गावातल्या धक्क्याला लागतं, बोट बदलायला नको. बीगल चॅनलमध्ये (गावासमोरची सामुद्रधुनी) मार्तिल्यो बेटापर्यंत जाणारी कॅटामरान (जोडतळाची बोट) घ्या. किनाऱ्याला नाक लावून उभी राहते, बोटीवरूनच पेंग्विन अगदी समोर दिसतात. पायऱ्या उतरायच्या नाहीत. बुक करताना बेटाचं नाव तपासा, छोट्या फेऱ्या सी लायन आणि दीपगृह दाखवून परत फिरतात.

स्वस्तमस्त:
उश्वायाला ती बोट बाहेरूनच घ्या, धक्क्याशेजारीच सुटतात. यावर तरी खलाशी साहेब सहमत?

खलाशी:
सहमत. फक्त परतीची वेळ आणि जहाजावर चढायची शेवटची वेळ यांत दोन तास ठेवा.

कुमुद:
कोणी यलो फिव्हरचं बोललंच नाही. हा ताप असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे.

भटका:
आम्हाला अर्जेंटिनात कोणीही विचारलं नाही.

कुमुद:
तिथे नाही, इथे परत आल्यावर विचारतात. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड (लसीचं प्रमाणपत्र) नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. उश्वाया सोडल्यापासूनचे दिवस मोजा. लस घेणार असाल तर प्रमाणपत्र १० दिवसांनंतर लागू होतं. साठीच्या पुढच्यांना ती लस सरसकट देत नाहीत, आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते.

सातारी:
व्हिसाही बघा. ब्युनोस आयर्स, मग उरुग्वे, परत माद्रिन, मग फॉकलंड, परत उश्वाया. अर्जेंटिनात तुम्ही तीनदा शिरताय. एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही.

चहाबाज:
खाण्याचं काय करणार? आम्ही बेसनाचे लाडू, मेतकूट, भाजणीचं पीठ नेलं होतं. माँटेव्हिडिओला मांसाहारच जास्त, पण चीजचे एम्पानाडा (करंजीसारखे) मिळतात. आल्फाहोर (गोड सारणाची बिस्किटं) नक्की खा.

कुमुद:
लाडू जहाजावरच ठेवा. चिलीत फळं, भाज्या, बिया, दुधाचे पदार्थ, मध यावर फार कडक तपासणी असते. फॉर्मवर लिहिलं नाही तर दंड. जहाजावरचं सफरचंद पिशवीत राहिलं तरी.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. विलगीकरणाचं तर माहीतच नव्हतं, सान अँटोनियोला पोचेपर्यंत उश्वाया सोडून सात दिवस होतायत, तरी आईच्या डॉक्टरांशी उद्या बोलते. ठरवलंय ते असं: उश्वायाला चौघं मार्तिल्योच्या बोटीवर. माद्रिनला नवरा आणि मुलगी कंपनीच्या बसने पुंता तोंबोला, मी आणि आई गावातच समुद्रकाठी. पुंता अरेनासला कोणी तोरेस देल पाइने (चिलीतलं राष्ट्रीय उद्यान) सुचवलं होतं, ते नको ना?

सातारी:
नकोच. एका बाजूला ३०० किलोमीटरच्या वर आहे, अख्खा दिवस गाडीत जाईल.

रानजाई:
स्टॅन्लीला वारा नसला तर आईला त्या छोट्या बोटीत बसवू का?

खलाशी:
चढताना-उतरताना दोन खलाशी दोन्ही हात धरतात. पण बोट वरखाली होते, कधी नेमका ऑपरेशन झालेलाच पाय आधी टाकावा लागतो. त्या सकाळी खाली जाऊन दारातून पाणी बघा, मग आईंना विचारा. उतरलात तर जिप्सी कोव्ह गावापासून जवळ आहे, तिथेही पेंग्विन असतात. काठी बरोबर असू द्या आणि आईंच्या खिशात जहाजाचं कार्ड.