मदत हवी आहे: राम जॅम या रॉक बँडची कुठली एलपी (विनाइल रेकॉर्ड) घेऊ?

मंडळी, सध्या त्यांच्या 'ब्लॅक बेटी'ने झपाटलंय. १९७७चं गाणं, अमेरिकेत १८व्या आणि ब्रिटनमध्ये ७व्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ब्लूज गायक लेड बेलीने गायलेलं जुनं श्रमगीत, पण बँडचा गिटारिस्ट बिल बार्टलेटच्या गिटारने त्याला काय धार आणलीय! (हाच गडी आधी लेमन पायपर्स या बँडसोबत 'ग्रीन टॅम्बरीन'सारखं गोड पॉप गाणं वाजवायचा. पचायला जडच.)

आता पहिली एलपी घ्यायचा मोह होतोय. पण 'ब्लॅक बेटी' सुरुवातीलाच संपतं. पुढची गाणी खरंच ऐकण्यासारखी आहेत, की नुसती भरताड? की सरळ १९७८चा दुसरा अल्बम घेऊ? तो जास्त कडक आहे म्हणे. दोन्ही पूर्ण ऐकलेल्यांनीच सांगा, प्लीज. बजेट एकाचंच आहे.