मदत हवी आहे: विमानवाहू जहाजावरून हल्ल्याचं वेळापत्रक कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये मी स्वतः एक मिशन बांधतोय. जहाज ओमानच्या आखातात, लक्ष्य इराणच्या बंदर अब्बासजवळ, रक्षणाला एसए-६ या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची बॅटरी. चार हॉर्नेट लढाऊ विमानं आहेत: दोघांकडे रडारवर जाणारी हार्म क्षेपणास्त्रं, दोघांकडे जीपीएसवर चालणारे ५०० पौंडी बॉम्ब. हार्मवाले बॉम्बवाल्यांच्या दोनेक मिनिटं आधी पोचायला हवेत. शत्रूचं रडार बंद पडलेलं असतानाच बॉम्ब पडले पाहिजेत, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

प्रत्येक वळणबिंदूची वेळ मी लक्ष्यापासून उलटी मोजत वहीत लिहून काढली. तरी कॉम्प्युटरच्या हातातली जोडी जहाजाभोवती घिरट्या घालत बसते आणि चार-पाच मिनिटं मागे पडते. त्यांना वेग ठरवून द्यायचा की पोचण्याची वेळ? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?

दुसरी अडचण इंधनाची, आणि ती जास्त छळते. उतरताना हॉर्नेटचं वजन ३४,००० पौंडांच्या आत लागतं, म्हणजे बॉम्ब परत आणले तर इंधन ओतून टाकावं लागतं. परवा रात्री मी तेच केलं, विमानाचा हूक डेकवरच्या थांबवणाऱ्या तारेत अडकला नाही, आणि दुसऱ्या फेरीला टाक्यांमध्ये जेमतेम २,१०० पौंड उरले होते. एस-३ टँकर (हवेतच इंधन देणारं विमान) जहाजावरच घिरट्या घालत ठेवावा, की परतीच्या वाटेवर?

रात्रीची मिशन्स नेहमी बांधणाऱ्यांनी आपला आराखडा दाखवला तर फार मदत होईल.