पावसातला बसथांबा

‘कार्टूनच ना ते, त्यात मोठ्यांनी काय बघायचं?’ या प्रश्नावर मला जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) या अ‍ॅनिमेशनपटातला एकच प्रसंग पुरेसा वाटतो. अंधारून आलंय, पाऊस लागलाय, दोघी बहिणी बसथांब्यावर बाबांची वाट बघतायत. धाकटी पेंगते, थोरली तिला पाठुंगळी घेते. बराच वेळ काहीच घडत नाही. मग शेजारी तोतोरो हा भलाथोरला प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर एवढंसं पान. थोरली त्याला बाबांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर थेंब टपटपले की स्वारी हरखून जाते!

माझी पाच वर्षांची भाची या थेंबांवर खिदळते. मला मात्र थोरलीचे खांदे दिसतात. आई इस्पितळात, आणि या पोरीला वेळेआधीच मोठं व्हावं लागलंय. हे दिसतं ते थांब्यावर काहीच घडत नाही तेव्हा; अशा मोकळ्या सोडलेल्या वेळाला जपानीत ‘मा’ म्हणतात. आपल्याकडच्या सिनेमात घाईघाईने तिथे गाणं घातलं असतं.

आणि हो, जपानमध्ये हा चित्रपट लागला तो दिग्दर्शक इसाओ ताकाहातांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’च्या जोडीने. युद्धात अनाथ झालेल्या भावंडांची ती गोष्ट भाचीला मी इतक्यात दाखवणार नाही. तीही चित्रंच आहेत, हाताने काढलेली.