सही खोटी म्हणजे ड्रॉइंगही खोटं का?

शाईवेडा: पेन-शाईचं जुनं ड्रॉइंग आहे, खाली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा एडी मोनोग्राम (नावाच्या आद्याक्षरांची सही), पण रेषा तपकिरी अन् सही काळीकुट्ट, मग सगळंच बनावट धरायचं का?

कागदकिडा: घाई नको हो. ड्यूररच्या नावाला भाव म्हणून नंतरच्या लोकांनी कुल्मबाखसारख्या त्याच्याच शिष्यांच्या ड्रॉइंगवरही हा मोनोग्राम ठोकलाय, त्यामुळे चित्र १६व्या शतकातलं असूही शकतं.

रेघोटी: भिंगातून बघा, सहीची शाई घडीच्या भेगेत पसरलीय का? तसं असेल तर सही नंतरचीच.

शाईवेडा: पसरलीय राव! आणि वॉटरमार्क, म्हणजे कागद उजेडात धरल्यावर दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण?

कागदकिडा: त्यावरून फक्त कागदाचं वय कळतं, एरिक हेबॉर्न जुन्या कागदावरच नकली ड्रॉइंग काढायचा. बाकी सही खोडायच्या फंदात पडू नका.