७ मेगाहर्ट्झचा घरगुती क्यूआरपी (कमी शक्तीचा) ट्रान्सीव्हर: आधी शक्ती वाढवावी की व्हीएफओ बदलावा?

प्रश्न (सातारा):

नमस्कार. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या मूळ बिटएक्स आराखड्यात फेरफार करून मी हौशी रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची पद्धत) ट्रान्सीव्हर, म्हणजे एकत्रित प्रक्षेपक-ग्राहक संच, तयार केला आहे. छापील सर्किट बोर्ड न वापरता साध्या कॉपर क्लॅडवर सुटे भाग उभे-आडवे सोल्डर केले आहेत. आयएफ (मधली स्थिर वारंवारता) १० मेगाहर्ट्झचा असल्यामुळे व्हीएफओ (वारंवारता बदलता येणारा ऑसिलेटर) २.८ ते ३ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची कॉइल फरहान यांनी सुचवल्याप्रमाणे नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळली आहे आणि ट्यूनिंगसाठी व्हॅरिकॅपऐवजी (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या खास डायोडऐवजी) साधा १एन४००७ डायोड लावला आहे.

अडचणी दोन आहेत. संच सुरू केल्यावर वारंवारता बराच वेळ सरकत राहते, त्यामुळे बोलणे चालू असतानाच समोरचे स्टेशन आवाज बदलल्याचे सांगते. दुसरे असे की १२ व्होल्टवर आयआरएफ५१० या अंतिम टप्प्यातील मॉस्फेटमधून अपेक्षेइतकी शक्ती मिळत नाही असे वाटते. बिटएक्स४० या फरहान यांच्याच ७ मेगाहर्ट्झच्या संचामध्ये अंतिम टप्प्याला वेगळा आणि जास्त व्होल्टेजचा पुरवठा देण्याची सोय आहे, त्याच धर्तीवर मी २४ व्होल्ट द्यावेत का? की आधी एसआय५३५१ (क्रिस्टलवर आधारित वारंवारता तयार करणारी चिप) चे मॉड्यूल घेऊन व्हीएफओच बदलावा? परवाना माझ्याकडे आहे आणि गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराचा तारेचा अँटेना) आहे.

उत्तर (पुणे):

माझ्या मते व्हीएफओचे काम आधी घ्यावे, आणि तेही नवे मॉड्यूल विकत घेण्यापूर्वी.

वारंवारता ही एल (कॉइलचा इंडक्टन्स) आणि सी (कपॅसिटन्स) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे एकूण कपॅसिटन्स केवळ ०.१ टक्क्याने बदलला, तरी २.९ मेगाहर्ट्झवर सुमारे १४५० हर्ट्झचा फरक पडतो, आणि एसएसबीमध्ये शंभर-दीडशे हर्ट्झही कानाला जाणवतात. दुकानात न विचारता मिळणारे सिरॅमिक कपॅसिटर बहुधा एक्स७आर किंवा वाय५व्ही जातीचे असतात आणि तापमानाबरोबर ते इतके बदलतात की व्हीएफओच्या टँक सर्किटमध्ये, म्हणजे वारंवारता ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीत, त्यांना जागाच नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागताना स्पष्टपणे एनपीओ (तापमानाला स्थिर राहणारी जात) म्हणावे. जुन्या रेडिओतील पॉलिस्टायरीन कपॅसिटर मिळाले तर तेही उत्तम. एनपीओमध्येही अंशाला ३० पीपीएमपर्यंत (दशलक्षात तीस भाग) फरक चालतो, म्हणजे पेटीतील हवा दहा अंशांनी तापली तर सर्वांत वाईट स्थितीत चारशे हर्ट्झच्या आसपास सरकणे शक्य आहे. म्हणून उष्णता तिथवर पोहोचू न देणे हा उपायाचा अर्धा भाग आहे: व्हीएफओ वेगळ्या बंद पेटीत ठेवावा, त्याचा ९ व्होल्टचा रेग्युलेटर पेटीबाहेर असावा आणि वरच्या पंख्याचा झोत आत शिरू नये.

दोषी भाग शोधण्याची एक साधी पद्धत आहे. व्हीएफओनंतरच्या बफर टप्प्याच्या आउटपुटला फ्रीक्वेन्सी काउंटर जोडावा आणि गरम सोल्डरिंग आयर्नचे टोक प्रत्येक भागाजवळ, स्पर्श न करता, काही सेकंद धरावे. ज्या भागाजवळ आकडा झपाट्याने पळतो तो बदलावा. माझा संशय १एन४००७ वर अधिक आहे. रिव्हर्स व्होल्टेज कमी असताना डायोडची तापमान-संवेदनशीलता सर्वाधिक असते, म्हणून ट्यूनिंगचा पॉट (फिरता रेझिस्टर) दोन-तीन व्होल्टच्या खाली जाऊच नये अशी व्यवस्था करावी. ७.० ते ७.२ एवढा पट्टा पुरेसा आहे, तेव्हा डायोड लहान एनपीओमार्फत जोडून त्याचा वाटा गरजेपुरताच ठेवावा. कॉइलचे वेढे घट्ट ओढून नेलपॉलिशने पक्के केले तर नायलॉनचा वॉशरही समाधानकारक चालतो. वॉशर टाकून टॉरॉइड (कडीच्या आकाराचा चुंबकीय गाभा) घ्यायचाच असेल तर पिवळा टी५०-६ घ्यावा, कारण लाल टी५०-२ च्या तुलनेत तो तापमानाला बराच स्थिर असतो.

आता शक्तीविषयी. पुरवठा १२ वरून २४ व्होल्ट केला आणि लोड तोच ठेवला, तर तत्त्वतः शक्ती चौपट होते, म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे समोरच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) जेमतेम एक एकक. एवढ्यासाठी आयआरएफ५१० ला किती ताण सोसावा लागेल याचा विचार आधी करावा. इन्व्हर्टेड व्ही चा मध्य दोन-तीन मीटर उंच नेता आला आणि दोन्ही भुजा, ज्या प्रत्येकी साधारण दहा मीटर असतात, मोजून छाटता आल्या, तर एक पैसाही न खर्चता तितकाच फायदा पदरात पडण्याचा संभव आहे. शिवाय "शक्ती कमी वाटते" यावर कुणालाच सल्ला देता येणार नाही. १ किलोओहमचे, एक वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी चाचणीसाठी जोडायचा भार) करावा; ते कार्बन किंवा मेटल फिल्म असावेत, वायरवाउंड चालणार नाहीत. त्यावर १एन४१४८ डायोड आणि कपॅसिटर लावून शिखर व्होल्टेज मोजावे. मल्टिमीटरवर २२ व्होल्टच्या किंचित खाली वाचन आले तर ते पाच वॉट.

उत्तर (ठाणे):

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु एसआय५३५१ विषयी माझे मत वेगळे आहे. ज्यांना रोज संध्याकाळी रेडिओवरील नेटवर (हौशी स्टेशनांच्या ठरलेल्या वेळच्या सामूहिक संभाषणात) हजेरी लावायची आहे त्यांनी क्रिस्टलच्या आधाराने चालणारा सिंथेसायझर खुशाल वापरावा. त्याचे आउटपुट चौकोनी तरंगाचे असते, पण डायोड मिक्सरला ते उलट सोयीचे पडते, कारण डायोड झटकन उघडतात आणि मिटतात. काळजी दोन ठिकाणी घ्यावी: मॉड्यूल चालवणाऱ्या आर्डुइनोने (छोट्या कंट्रोलर बोर्डाने) केवळ नॉब फिरवल्यावरच मॉड्यूलकडे आज्ञा पाठवावी, अन्यथा रिसीव्हरमध्ये सतत टिकटिक ऐकू येते, आणि डिस्प्लेच्या तारा आयएफ टप्प्यापासून दूर न्याव्यात.

प्रश्नकर्ता (सातारा):

दोघांचेही मनापासून आभार. आयर्न जवळ नेऊन तपासणी केली. १एन४००७ जवळ आकडा सर्वांत जास्त हलतो आणि तो नेमका रेग्युलेटरला लागून बसलेला आहे. एक कपॅसिटरही एनपीओ नसल्याचे दिसून आले. ते दोन्ही बदलेपर्यंत मॉड्यूल मागवत नाही. डमी लोडवर माइकसमोर शीळ घातल्यावर १७.५ व्होल्ट मिळतात. डायोडचे ०.६ धरल्यास हे सव्वातीन वॉटच्या आसपास येते. हे योग्य आहे का?

उत्तर (पुणे):

१२ व्होल्टवरच्या एका आयआरएफ५१० साठी हे वाईट नाही. १२.५ ओहमचा लोड धरला तर हिशेबाने सुमारे पावणेसहा वॉटच्या पुढे काही मिळत नाही, आणि ७ मेगाहर्ट्झवर हे मॉस्फेट त्याच्या खाली राहणारच. बायस (मॉस्फेटच्या गेटला दिलेला स्थिर व्होल्टेज) मात्र एकदा तपासावा: माइक बंद ठेवून तो ठरवणारा प्रीसेट अगदी हळू फिरवावा आणि ड्रेनचा (मॉस्फेटच्या आउटपुट टोकाचा) प्रवाह १०० मिलिअँपिअरने वाढला की थांबावे. ट्रान्झिस्टर तापला की हा प्रवाह आपोआप वाढतो, म्हणून पाच मिनिटांनी तो पुन्हा पाहावा. धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते. हीट सिंकखाली अभ्रकाची चकती हवीच.

पुढे कधी २४ व्होल्टवर गेलात तर गेटचा बायस त्या पुरवठ्यातून न घेता स्थिर केलेल्या वेगळ्या रेषेतून द्यावा. लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) आज कोणता आहे ते लिहिलेले नाही. १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरचे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट सिग्नल) इतरांच्या कानी जाऊ न देणे ही आपली जबाबदारी आहे, म्हणून टी३७-६ टॉरॉइडवर २१, २४ आणि २१ वेढ्यांच्या तीन कॉइल आणि त्यांच्यासोबत २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरडचे एनपीओ कपॅसिटर असा सात भागांचा फिल्टर बसवावा. कपॅसिटर किमान १०० व्होल्टचे घ्यावेत. तो बसवल्यावर डमी लोडवरचे वाचन पुन्हा येथे लिहावे. ते फारच उतरले, तर वेढे मोजण्यात फरक पडला आहे असे समजून आधी कॉइल पाहाव्यात. ७३ (शुभेच्छा).