एमएसडब्ल्यू झालं, पण मांडवात उभं राहून काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नाही

गोदाकाठची
एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, होऊन तीन वर्षं झाली, सध्या बीड जिल्ह्यात एका संस्थेत काम करते. कुणाला दुखवायचं नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितेय. नोकरीचा दुसराच महिना, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन आला की एका वस्तीवर पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लागायलंय. मी, ग्रामसेवक आणि एक पोलीस दादा असे तिघं गेलो. पोरीला हळद लागलेली, मांडवाच्या बल्लीला धरून उभी होती, पंगत बसलेली. ग्रामसेवकांनी २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा सांगितला, दंड, कैद सगळं. तर तिची आई सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाली, "आगाऊ पैशाची उचल घेतलीय, दसरा झाला की आम्ही कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जाणार, सहा महिने ही तिथल्या झोपडीत, कोपीत, एकटी कशी ठेवू? तू ठेवून घेतीस का तुझ्यापाशी?"

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. व्यक्ती सहाय्य कार्य, गट कार्य, समुदाय संघटन सगळं पाठ होतं, फर्स्ट क्लास होता, आणि त्या बाईसमोर मी नुसती उभी. पुढचे कागदसुद्धा माहीत नव्हते. वयासाठी शाळेतून प्रवेश निर्गम उतारा काढायचा, आईबापाचं हमीपत्र घ्यायचं, पोरीला बालकल्याण समितीपुढं न्यायचं, हे मला ग्रामसेवक सांगायले होते!

माझं म्हणणं एवढंच, कॉलेजनं पोरांना अशा प्रसंगासाठी तयार करून पाठवावं. वर्गात रोल प्ले घ्या, खऱ्या केसचे कागद नावं झाकून दाखवा, आणि पहिल्या चार-पाच अवघड भेटींना जाणतं माणूस सोबत द्या.

वर्गातला_मास्तर
ताई, मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो, तुमचं पटत नाही पूर्ण. कॉलेज म्हणजे फॉर्म भरायचा क्लास नाही. योजना बदलतात, यंत्रणा बदलतात. तुम्ही १०९८ म्हणालात, ती हेल्पलाइन कितीतरी वर्षं संस्था चालवायच्या, २०२३ पासून मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली सरकारकडं गेली, म्हणजे तेव्हा शिकवलेली पद्धत आज जशीच्या तशी चालत नाही. आम्ही दृष्टी देतो. ती पोरगी मांडवात का उभी आहे, ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी का धरतात, लग्न झालं की एक कोयता वाढतो हे अर्थकारण ज्याला कळलं तो कागद आठ दिवसांत शिकतो. ज्याला नुसते कागद येतात तो पुढं नुसता क्लार्क होतो, असे लई बघितलेत.

एमएसडब्ल्यू_भाग२
सर, दृष्टीचं सोडा, फिल्डवर्कचं बोला ना. आठवड्याला दोन दिवस आम्हाला संस्थेत पाठवता, एसटीचं तिकीट आमच्याच खिशातून, तिथं गेलं की रजिस्टर उतरवून घेतात नाहीतर एक्सेल भरायला बसवतात. आमच्या बॅचमधल्या अर्ध्या जणांनी सिनियरचं जर्नल, म्हणजे फिल्डवर्कची नोंदवही, तारखा बदलून उतरवलंय, मीपण दोनदा केलंय. शेवटी वाचणारं कुणी नसतं, लाल पेनाची सही आणि "चांगले" एवढंच. मी एकदा जर्नलमधे खरं लिहिलं होतं की आज गृहभेटीत एक बाई रडायला लागली आणि मी घाबरून उठून निघून आले. त्याच्याखालीपण "चांगले" लिहिलेलं होतं.

वर्गातला_मास्तर
हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आमची बाजूपण ऐका. मी तासिका तत्त्वावर आहे, माझ्या एकट्याकडं बावीस विद्यार्थी, त्यांची ठिकाणं चार तालुक्यांत. प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास समोर बसवायचं म्हटलं तर अकरा तास, त्याचं मानधन कुणी देत नाही. जागा भरा म्हणून सामाजिक न्याय विभागाला विचारा, एकट्या मास्तरला का धरता?

सिव्हिलची_ताई
मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहे. मास्तर, तुमची अडचण खरी आहे पण कागद आठ दिवसांत शिकतो हे पटलं नाही, कारण त्या आठ दिवसांत समोर माणूस असतो. आमच्याकडं फिल्डवर्कला आलेल्या एका मुलीला वॉर्डातल्या बारा वर्षांच्या पोरीनं घरातल्याच माणसाबद्दल सांगितलं. तिनं पोरीला शब्द दिला की कुणाला सांगणार नाही. पुस्तकात गोपनीयता वाचली होती ना. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणं कळवणं बंधनकारक आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तीन दिवस ती गप्प बसली, जेवण सुटलं तिचं. मला कळल्यावर पोलिसात कळवलं, पण त्या लेकराचा विश्वास मोडला तो मोडलाच, नंतर माझ्याशीपण नीट बोलली नाही. "मी तुला मदत करीन, पण त्यासाठी काही माणसांना सांगावं लागेल", हे एक वाक्य आधी म्हणायचं असतं. ते वर्गात दहा वेळा म्हणून घेतलं असतं तर?

जुनी_वाट
पोरांनो, मी तुमच्या वडलांच्या वयाचा. मला हे तयार करून द्या, शिकवून द्या पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बीएसडब्ल्यूला होतो, आम्हाला भूकंपात पडलेल्या सास्तूर गावाकडं पाठवलं. कुणी रोल प्ले घेतला होता? पत्र्याच्या शेडमधे एक आजोबा रोज माझ्याकडून फॉर्म भरून घ्यायचे, पण नातवाचं नाव मयताच्या रकान्यात लिहू द्यायचे नाहीत, पेनावर हात ठेवायचे. सहाव्या दिवशी त्यांनीच हात काढला. त्या सहा दिवसांत मी जे शिकलो ते कुठला वर्ग शिकवणार? गावात ऱ्हावा, माणसं शिकवतात.

गोदाकाठची
काका, एकच विचारते. त्या सहा दिवसांत रात्री तुमच्याशी कुणी बोलायचं का?

जुनी_वाट
हो. आमच्या मॅडम होत्या. रोज संध्याकाळी कंदील लावून आम्हा आठ जणांना गोल बसवायच्या, दिवसभरात काय झालं ते प्रत्येकाला सांगायला लावायच्या. आजोबांचं मी रडतच सांगितलं तेव्हा त्याच म्हणाल्या, रकाना मोकळा ठेव, उद्या परत जा.

गोदाकाठची
मग काका, तेच तर मागतेय मी. मॅडम नसत्या तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घाई करून ते नाव लिहून टाकलं असतं, बरोबर ना?

जुनी_वाट
लिहिलं असतं. हे खरंय.

वर्गातला_मास्तर
रोल प्लेला माझा विरोध नाही, दृष्टीच्या जागी तो नको एवढंच आहे, आणि ते मी सोडणार नाही. बावीस जणांना एकेकटं बसवणं मला जमायचं नाही. पण दर शनिवारी सहा-सात जणांचा गट बसवता येईल, आणि जर्नल मी स्वतः वाचीन. सिव्हिलच्या ताई, महिन्यातून एकदा याल का वर्गावर? मानधन नाही मिळणार.

सिव्हिलची_ताई
येते. दुसरा शनिवार ठेवा, मला सुट्टी असते.

एमएसडब्ल्यू_भाग२
गोदाकाठची ताई, एक राहिलंच. त्या आईला आज काय सांगाल?

गोदाकाठची
आधी कायदा नाही काढणार. खाली बसीन तिच्यापाशी, विचारीन मागच्या हंगामात पोरगी कुठं होती, काय झालं होतं. मग सांगीन की ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, मुलींसाठी राहून शिकायचं कस्तुरबा गांधी विद्यालय आहे, चला उद्या माझ्यासोबत बघायला. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. लग्न थांबलं, हमीपत्रावर अंगठे झाले, आम्ही परत आलो. वसतिगृहाचं मला दोन दिवसांनी अंगणवाडीच्या ताईनं सांगितलं, परत वस्तीवर गेले तर घराला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, मामाच्या गावाला गेलेत. कुठलं गाव ते तिनं सांगितलं नाही.